‘बॅक अप’ म्हणजे नेमका कुठला पाठिंबा?

प्रश्न असा आहे. ऑफिसातल्या वरिष्ठांनी एका ताईंना ईमेल लिहिला: ‘यू लीड द कॉल, आय विल बॅक यू अप.’ ताईंना बॅकअप म्हटलं की फोनमधला बॅकअप आठवतो. त्यामुळे साहेब पाठिंबा देणार आहेत की आपण गैरहजर राहिलो तर बदली म्हणून येणार आहेत, हे त्यांना कळेना. तरी त्यांनी ‘थँक यू फॉर बॅकिंग अप मी’ असं उत्तर पाठवून दिलं आणि मग शंका घेतली. ‘बॅक’, ‘सपोर्ट’, ‘स्टँड बाय’, ‘स्टँड अप फॉर’ ही सगळी एकाच अर्थाची आहेत का, हेही त्यांना हवं आहे.

मी इंग्रजी-मराठी भाषांतराचं काम करतो आणि नोकरी करणाऱ्यांना इंग्रजी शिकवतो. हा गोंधळ माझ्याकडे सारखा येतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी ईमेलचं. साहेब कॉलवर असणार, पण बोलायचं तुम्ही. तुम्ही एखादा आकडा सांगितलात आणि समोरच्याने शंका काढली, तर ते ‘बरोबर आहे, आम्ही तपासलंय’ म्हणणार. तुम्ही अडलात तर पुढचं वाक्य ते उचलणार. बदलीवर यायचं असतं तर त्यांनी ‘आय विल फिल इन फॉर यू’ किंवा ‘आय विल कव्हर फॉर यू’ लिहिलं असतं. आणि तुमच्या उत्तरात ‘बॅकिंग मी अप’ हवं होतं. साहेबांना अर्थ पोचला असणारच, काळजी करू नका. त्यामागचा नियम पुढे येतो.

या क्रियापदाचा गाभा एकच आहे: पुढे दुसरं कोणीतरी आहे. बॅक अप करणारा दुसऱ्या फळीत असतो. पहिला जे करतो किंवा बोलतो, ते कोलमडू नये म्हणून तो मागे असतो. हे सगळ्यात स्पष्ट दिसतं ते क्रिकेटमध्ये, आणि तिथे हा शब्द उपमा म्हणून येत नाही, खेळाचाच शब्द म्हणून येतो. पॉइंटवरून यष्टिरक्षकाकडे फेक येते तेव्हा स्क्वेअर लेगचा खेळाडू धावत येऊन फेकीच्या रेषेत, यष्ट्यांच्या पलीकडे उभा राहतो. चेंडू पकडायचं काम यष्टिरक्षकाचंच. हा फक्त चेंडू सुटला तर ओव्हरथ्रो जाऊ नये म्हणून. यालाच बॅकिंग अप म्हणतात. दहापैकी नऊ वेळा त्याच्याकडे चेंडू येतही नाही. तुमचे साहेब कॉलवर नेमके तिथे उभे आहेत.

क्रिकेटमध्येच याचा आणखी एक अर्थ आहे आणि तो भाषांतरात हमखास फसवतो. गोलंदाज धावत येताना नॉन-स्ट्रायकर क्रीजमधून थोडा पुढे सरकतो, त्यालाही ‘बॅकिंग अप’ म्हणतात. धाव काढायची हाक समोरच्याने दिली की आपण तयार असावं, म्हणून. म्हणजे गाभा तोच. 1947 सालच्या डिसेंबरमध्ये सिडनी कसोटीत भारताच्या विनू मांकडने गोलंदाजी करताना ऑस्ट्रेलियाच्या बिल ब्राऊनला धावबाद केलं ते ब्राऊन असा बॅक अप करत फार पुढे गेला होता म्हणून. 2022 च्या सप्टेंबरमध्ये लॉर्ड्सवर भारताच्या दीप्ती शर्माने इंग्लंडच्या चार्ली डीनला तसंच बाद केलं, तेव्हा इंग्रजी बातम्यांत हा शब्द पुन्हा जागोजागी दिसला. आता ‘डीन वॉज बॅकिंग अप टू फार’ याचं ‘डीन जास्तच पाठिंबा देत होती’ असं केलं तर काय होईल ते सांगायला नको. मराठीत याला एक शब्द नाही. ‘चेंडू गोलंदाजाच्या हातून सुटण्याआधी क्रीज सोडून पुढे गेली होती’ असं सरळ लिहावं.

मैदानातून बाहेर येऊ. रोजच्या इंग्रजीत ‘बॅक अप’चं मुख्य काम माणसाच्या शब्दाला बळ देण्याचं आहे. ‘मी खरं सांगतेय, हवं तर तिला विचारा’ या आपल्या वाक्याचं इंग्रजी होतं: ‘आस्क हर, शी विल बॅक मी अप.’ इथे पाठिंबा हा मराठी शब्द सैल बसतो. नेमका शब्द आहे दुजोरा. वर्तमानपत्रात ‘पोलिसांनी या वृत्ताला दुजोरा दिला’ असं आपण रोज वाचतो. एकाने सांगितलं, दुसऱ्याने तेच खरं म्हणून सांगितलं. एखाद्या वाक्यातला ‘बॅक अप’ कसा घ्यावा हे सुचत नसेल तर आधी ‘दुजोरा’ लावून बघा. निम्म्याहून अधिक ठिकाणी चपखल बसेल.

शब्दाला दुजोरा माणसाचा असतो तसा पुराव्याचाही. ‘बॅक अप युवर क्लेम विथ फिगर्स’ म्हणजे नुसतं म्हणू नका, आकडे द्या. मुलाखतीत, प्रबंधात, कोर्टात, इंग्रजीच्या निबंधाच्या परीक्षांत ही सूचना सतत येते. इथे लक्षात ठेवायचं ते ‘विथ’. दावा पुढे, पुरावा मागे, आणि दोहोंमध्ये ‘विथ’. याच्याच शेजारी ‘बेअर आउट’ नावाचं क्रियापद आहे. फरक असा की बॅक अप माणूसही करतो आणि कागदही करतो, पण बेअर आउट करतात ते पुरावे, आकडे, अनुभव, घडलेल्या गोष्टी. ‘द फिगर्स डू नॉट बेअर दिस आउट’ म्हणजे आकडे तसं सांगत नाहीत. ‘माझा सहकारी मला बेअर आउट करेल’ अशी रचना इंग्रजीत होते, पण जुन्या वळणाची वाटते. तुम्ही तिच्या वाटेला जाऊ नका.

आता मराठीकडून इंग्रजीकडे जाताना होणारी गडबड. ‘बॅक’ म्हणजे पाठ, आणि मराठीनेही पाठीवरूनच शब्द घडवले: पाठिंबा, पाठबळ, पाठराखण, पाठीराखा, पाठीशी उभं राहणं. त्यामुळे आपल्याला वाटतं की हे सगळे एका ‘बॅक अप’मध्ये मावतील. मावत नाहीत, कारण आपल्याकडे या शब्दांच्या छटा फार वेगवेगळ्या आहेत. पाठराखण पाहा. ज्याच्यावर टीका होतेय त्याची आपण पाठराखण करतो. टीकाच नसेल तर पाठराखण कसली? इंग्रजीत याला ‘स्टिक अप फॉर’ किंवा ‘स्टँड अप फॉर’ जवळचं. वर्गात सगळी मुलं एकाला चिडवतात आणि एक मुलगी त्याच्या बाजूने भांडते, ती ‘स्टिक्स अप फॉर हिम’. ती मागे उभी नाही, पुढे आलीय.

आणि पाठीशी घालणं तर अगदी वेगळं. ‘साहेबांनी त्याला पाठीशी घातलं’ या वाक्यात त्याने काहीतरी चूक केलीय आणि साहेबांनी ती झाकली, हे आपण न सांगता समजतो. एका प्रशिक्षणात एकाने हेच वाक्य ‘माय बॉस बॅक्ड मी अप’ असं सांगितलं. परदेशी सहकाऱ्यांनी ‘व्हेरी गुड बॉस’ म्हणून मान डोलावली. सांगायचं होतं ते नेमकं उलटं. इथे ‘शील्डेड’ किंवा ‘कव्हर्ड अप फॉर’ पाहिजे. ‘बॅक अप’मध्ये चोरी नाही, उघडपणा आहे.

दुसऱ्याच्या मागे बोलण्याचा आणखी एक मराठी प्रकार म्हणजे री ओढणं. शाहीर पुढे गातो आणि झीलकरी मागून ‘जी जी’ करत सूर धरतात, ते कामाचं आहे, त्यात कमीपणा काही नाही. इंग्रजीतही मुख्य गायकामागे गाणाऱ्यांना अमेरिकेत ‘बॅकअप सिंगर’ आणि ब्रिटनमध्ये ‘बॅकिंग सिंगर’ म्हणतात. पण बैठकीत कोणी नुसतीच री ओढत असेल तर त्याला ‘बॅक अप’ म्हणू नका. त्यासाठी ‘पॅरट’ हे क्रियापद आहे, आणि ते तुम्ही त्याच्या पाठीमागेच वापराल अशी आशा आहे.

‘अप’ काढून नुसतं ‘बॅक’ राहिलं तर काय होतं? अर्थ वरच्या पायरीला जातो. महालक्ष्मी रेसकोर्सवर माणूस घोड्याला ‘बॅक’ करतो, म्हणजे त्याच्यावर पैसे लावतो. गुंतवणूकदार नव्या कंपनीला बॅक करतो. पक्ष उमेदवाराला बॅक करतो, खासदार विधेयकाला बॅक करतात. पैसा, मत, प्रतिष्ठा यांपैकी काहीतरी आधीच पणाला लावलेलं आहे. मराठीत याला पाठबळ किंवा पाठिंबा. ‘ही बॅक्ड द बिल’ बरोबर. ‘ही बॅक्ड अप द बिल’ म्हटलं की इंग्रज वाचक जरा थबकतो, कारण विधेयकाला दुजोरा द्यायचा नसतो. उलट, ‘गेल्या वर्षीच्या कामाचा हिशेब या कागदांनी पटतो’ म्हणायचं असेल तर ‘अप’ लागतंच. माझा ढोबळ निकष असा: आधी निवडून मागे उभं राहिलात तर ‘बॅक’, दुसऱ्याने पाऊल टाकल्यावर सावरायला उभं राहिलात तर ‘बॅक अप’. सीमारेषेवरची वाक्यं निघतील, पण काम भागतं.

‘अप’ऐवजी दुसरं काही आलं तर गाडी उलट्या दिशेला जाते, हे मात्र पाठ करून ठेवावं. ‘बॅक डाउन’ म्हणजे माघार, आपली मागणी सोडणं. ‘बॅक ऑफ’ म्हणजे मागे हटणं, ‘दूर हो’ असं दरडावतानाही तेच. ‘बॅक आउट’ मराठीत कधीच आलंय: ‘ऐनवेळी त्याने बॅकआउट केलं.’ चारही क्रियापदांत तीच पाठ आहे. एकात ती तुमच्या कामी येते, बाकी तीनांत ती फिरवलेली आहे.

‘स्टँड बाय’ला वेळ द्यायला हवा, कारण तो दुतोंडी आहे. ‘शी स्टुड बाय हिम’ म्हणजे त्याच्यावर वाईट वेळ आली, लोक सोडून गेले, ती गेली नाही. इथे कृती फारशी नाही, निष्ठा आहे. आजार, खटला, बदनामी, बेकारी यांच्या संदर्भात हे येतं. कॉलवर तुमच्या बाजूने दोन वाक्यं बोलणाऱ्या साहेबांसाठी ‘स्टँड बाय’ फार जड होईल. तेच शब्द विधानापुढे आले की अर्थ ठाम राहणं: ‘वी स्टँड बाय अवर स्टोरी’ असं वृत्तपत्र म्हणतं तेव्हा छापलंय ते मागे घेणार नाही, असं त्यात आहे. आणि दुसरं तोंड: ‘दे स्टुड बाय अँड वॉच्ड.’ समोर मारहाण चालू होती आणि ते बघत उभे राहिले. ‘बायस्टँडर’ म्हणजे बघ्या, तो इथलाच. एकच ‘स्टँड बाय’, पुढे माणूस असला तर साथ, पुढे कोणी नसलं तर बघ्याची भूमिका. त्यात ‘तयार राहा’ हा तिसरा अर्थ मिसळतो, विमानतळावरच्या ‘स्टँडबाय’ तिकिटासारखा.

‘स्टँड अप फॉर’मध्ये शेवटचा छोटा शब्द सांभाळा. ‘फॉर’च्या जागी ‘टू’ आलं की ‘स्टँड अप टू’ होतं, म्हणजे एखाद्याला न घाबरता विरोध करणं. ‘शी स्टुड अप फॉर हर मॅनेजर’ आणि ‘शी स्टुड अप टू हर मॅनेजर’ या दोन वाक्यांत तिच्या पुढच्या पगारवाढीचा फरक आहे.

‘प्रॉप अप’साठी मराठीत तयार शब्द आहे: टेकू. पडायला आलेल्या भिंतीला देतात तो. आपली वर्तमानपत्रं ‘सरकारला टेकू’ हा शब्दप्रयोग वापरतात आणि त्यातला टोमणा इंग्रजीतही तसाच्या तसा आहे. 1990 च्या नोव्हेंबरमध्ये चंद्रशेखर यांचं सरकार काँग्रेसच्या बाहेरून दिलेल्या पाठिंब्यावर आलं आणि 1991 च्या मार्चमध्ये चंद्रशेखरांनी राजीनामा दिला. ते सरकार काँग्रेसने ‘प्रॉप अप’ केलं होतं असं इंग्रजीत म्हणता येईल. ब्रिटनमध्ये 2017 च्या निवडणुकीत पंतप्रधान टेरेसा मे यांचं बहुमत गेलं तेव्हा उत्तर आयर्लंडच्या डीयूपी या पक्षाच्या 10 खासदारांनी ते सरकार तगवलं, तेव्हाही तिथल्या बातम्यांत हेच क्रियापद. टेकू घेणाऱ्याला ते ऐकायला आवडत नाही. म्हणून आभाराच्या पत्रात ‘थँक यू फॉर प्रॉपिंग मी अप’ लिहू नका, थट्टेत चालेल. ‘होल्ड अप’कडे तर फिरकूच नका. शब्दशः धरून ठेवणं असलं तरी रोजच्या बोलण्यात ‘आय वॉज हेल्ड अप’ म्हणजे मला उशीर झाला, अडकलो.

बदलीचा अर्थ येतो तो बहुतेक नामातून, म्हणजे ‘बॅकअप’मधून. 1984 मध्ये राकेश शर्मा अंतराळात गेले तेव्हा त्यांच्या जोडीने पूर्ण प्रशिक्षण घेतलेले रवीश मल्होत्रा हे बॅकअप होते. 2025 मध्ये शुभांशु शुक्ला गेले तेव्हा प्रशांत बालकृष्णन नायर. मुख्य माणूस जाऊ शकला नाही तर तयार असलेला दुसरा, असा अर्थ. मराठीत राखीव म्हणता येतं. अमेरिकी पोलीस ‘कॉलिंग फॉर बॅकअप’ म्हणतात तिथे मात्र कुमक मागवलेली असते, बदली नव्हे. फोनचा बॅकअप पहिल्या प्रकारात बसतो: मूळ गेलं तर वापरायची प्रत.

पाठिंब्याशी काही संबंध नसलेले अर्थही आहेत, ते उरकून टाकतो. ‘ट्रॅफिक इज बॅक्ड अप’ म्हणजे वाहनांची रांग मागे तुंबलीय. ‘द ड्रेन हॅज बॅक्ड अप’ म्हणजे गटार तुंबून पाणी उलटं आलंय. अमेरिकेत गाडी मागे घेणंही ‘बॅक अप’, ब्रिटनमध्ये आणि आपल्याकडे ‘रिव्हर्स’. आणि कोणी बोलताना ‘लेट मी बॅक अप’ म्हणाला तर तो स्वतःला पाठिंबा देत नाही, ‘जरा मागून सांगतो’ म्हणतोय.

आता ‘बॅकिंग अप मी’चं काय चुकलं ते. मी, यू, हिम, हर, इट, अस, देम यांपैकी सर्वनाम असेल तर ते मध्येच बसतं: बॅक मी अप, बॅक इट अप. ‘बॅक अप मी’ चालत नाही, इथे पर्याय नाही. नाम असेल तर दोन्ही जागा मोकळ्या: ‘बॅक अप द स्टोरी’ किंवा ‘बॅक द स्टोरी अप’. नाम लांबलचक असेल तर शेवटीच ठेवा, नाहीतर ऐकणारा ‘अप’ची वाट बघत बसतो. स्टँड बाय, स्टिक अप फॉर, स्टँड अप फॉर ही मात्र फुटत नाहीत. ‘स्टँड मी बाय’ नाही, ‘स्टँड बाय मी’च. मराठीची ‘मला’ही इथे नडते: ‘मला सपोर्ट कर’वरून ‘सपोर्ट टू मी’ निघतं. क्रियापद असताना ‘सपोर्ट मी’ एवढंच, ‘टू’ नको. नाम म्हणून ‘गिव्ह सपोर्ट टू’ असेल तेव्हाच तो येतो.

कशाबाबत दुजोरा हवा ते सांगायला ‘ऑन’ वापरा. ‘कॅन यू बॅक मी अप ऑन द प्राइसिंग?’ हे वाक्य मी नोकरदार विद्यार्थ्यांना आवर्जून देतो. ‘आय विल बॅक यू अप’ असं मोघम आश्वासन मिळालं तर कॉलच्या आधी असा प्रश्न विचारून टाका. किमतीवर की मुदतीवर, कुठे साहेब बोलतील ते कळतं. आपल्या ऑफिसांत हे न विचारल्यामुळे दोघेही एकदम बोलतात किंवा दोघेही गप्प बसतात.

अर्जात, शिफारसपत्रात, सरकारी पत्रव्यवहारात ‘बॅक अप’ टाळावं, ते बोलीचं आहे. तिथे ‘सपोर्ट’ किंवा ‘एंडॉर्स’. ‘सपोर्ट’ला साधा म्हणून हिणवणारे भेटतात, पण तो कुठेच चुकत नाही. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेच्या इंग्रजी इतिवृत्तात मात्र वेगळाच शब्द लागतो. मराठीत सूचक आणि अनुमोदक लिहितो, तिथे इंग्रजीत ‘प्रपोज्ड बाय’ आणि ‘सेकंडेड बाय’. ठरावाला ‘बॅक्ड अप बाय’ लिहिलेलं मी पाहिलंय, वाचून असं वाटतं की ठरावाची पेन ड्राइव्हवर प्रत काढली.

उच्चार आणि लेखनाचं थोडक्यात. क्रियापद दोन शब्दांत लिहितात आणि बोलताना जोर ‘अप’वर येतो. नाम आणि विशेषण जोडून लिहितात (ब्रिटनमध्ये पुष्कळदा मधे रेघ देऊन), आणि जोर ‘बॅक’वर. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये पानाचं नाव ‘चॅट बॅकअप’ एका शब्दात आहे आणि दाबायचं बटण ‘बॅक अप’ दोन शब्दांत, तिथे जाऊन बघा. ‘टेक बॅकअप’ हे आपल्या ‘बॅकअप घेणं’चं इंग्रजी, भारतात सगळ्यांना कळतं; बाहेरच्या ग्राहकाला लिहिताना ‘बॅक अप द फाइल्स’ किंवा ‘मेक अ बॅकअप’ लिहा. भूतकाळ ‘बॅक्ड अप’. ‘बॅकअप्ड’ असं रूप इंग्रजीत नाही, आयटीवाल्यांच्या ईमेलमध्ये कितीही दिसलं तरी.